आधी रांगोळी

परवा रात्री तुझा फोन ठेवला आणि मग मला झोपच लागली नाही गं. औषधं, खर्च, पुढचा एमआरआय कधी, नोकरीत सांगायचं का, किती प्रश्न विचारलेस. त्यातल्या बऱ्याच गोष्टी तुझे डॉक्टर माझ्यापेक्षा चांगल्या सांगतील. पण फोन ठेवता ठेवता अगदी हळू आवाजात म्हणालीस, "ताई, मी परत पहिल्यासारखी हसेन का गं?" आणि मी "वेडी आहेस का" म्हणून विषय संपवला. ते काही उत्तर नव्हतं. म्हणून आज निवांत लिहायला बसलेय. एका दमात वाचवलं नाही तर ठेवून दे, पुन्हा वाच. तुझे डोळे लवकर थकतात हे मला माहीत आहे.

माझं नेमकं काय झालं होतं, ते घरात तुला कुणी धड सांगितलंच नसेल. तू तेव्हा फ्रॉक घालून फिरत होतीस. २००४ ची दिवाळी. नरक चतुर्दशीची पहाट, अकोल्याचं आमचं अंगण, गेरू लावलेला चौकोन. ठिपके घातले, चिमूट भरली आणि रेघ ओढायला लागले, तर रेघ तुटायची. चिमटीतून रांगोळी सुटतेय की नाही, हे बोटांना कळतच नव्हतं. डोळ्यांनी बघावं तेव्हा दिसायचं, की अंगठा घट्ट दाबून धरलाय आणि खाली काहीच पडलेलं नाही. नाहीतर सगळी एकाच जागी ढीग होऊन पडलीय. आठव्या वर्षापासून रांगोळी काढणारा हात होता तो. सासूबाई म्हणाल्या, गारठ्यानं बोटं आखडली असतील. मीही तेच धरून चालले.

त्याच्या दोन वर्षं आधी माझा उजवा डोळा तीन आठवडे धूसर झाला होता. बुबुळ हलवलं की दुखायचं, लाल रंग विटका दिसायचा. मग आपोआप बरा झाला आणि सगळे विसरलो. डोळा वेगळा, हात वेगळा. हे दोन्ही एकाच दोऱ्यात ओवलेलं असेल, असं कुणाच्या मनात येणार? मग अशक्तपणा झाला, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, मानेचे एक्स-रे झाले, "बाळंतपणानंतर काही बायकांना असं होतं" झालं, आणि एका मोठ्या डॉक्टरांनी तर "घरात काही ताण आहे का?" असं तुझ्या भाऊजींना बाजूला घेऊन विचारलं. शेवटी नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसले, पाठीतलं पाणी काढून तपासलं आणि नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरोसिस, तुला आता कळलंय तेच. खरं सांगू? त्या दिवशी मला रडू आलं नाही. मी खोटं बोलत नव्हते, हे कागदावर आलं होतं. रडू आलं ते आठ दिवसांनी, पोळ्या लाटताना, काही कारण नसताना.

मावशी तुला सारखं विचारतेय ना, कशामुळे झालं? लॅपटॉपमुळे, रात्रीच्या ड्युटीमुळे, उपास मोडलास म्हणून, कुणाची नजर लागली म्हणून? तिच्यावर चिडू नकोस, आईच्या जिवाला कारण हवं असतं. पण तू स्वतः मनाला नीट समजाव. आपल्या मेंदूत, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आणि डोळ्याच्या नसेत ज्या तारा आहेत, त्यांच्यावर मायलिन नावाचं वेष्टण असतं. आपलीच रोगप्रतिकारशक्ती शत्रू समजून ते वेष्टण कुरतडते. तार उघडी पडली, की निरोप रेंगाळतो नाहीतर पोचतच नाही. माझी बोटं धडधाकट होती गं, बोटांपर्यंतची वाट खराब झाली होती. पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी १८६८ मध्येच या आजाराचं चित्र नीट मांडलं, पण तो नेमक्या कुणाला गाठतो याचं एकच एक उत्तर अजून नाही. थोडं अनुवंशाचं, थोडं ड जीवनसत्त्वाचं, धूम्रपानाचं, आणि एपस्टाईन-बार नावाच्या एका विषाणूचं. त्याचा या आजाराशी असलेला संबंध २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून फार स्पष्ट दिसला. पण हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात कधी ना कधी शिरलेला असतो. तू काय करून तो टाळणार होतीस? बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा दुपटीहून जास्त होतो आणि बहुतेकदा विशी ते चाळिशीत सुरू होतो. तुझं वय सव्वीस, माझं तेव्हा एकोणतीस होतं. दोघींनीही कुठलं पाप केलेलं नव्हतं.

"हे गोऱ्या लोकांचं दुखणं, आपल्यात होत नाही," असं कुणी म्हणालं तर त्यांना सांग, मुंबईचे डॉक्टर नोशिर वाडिया यांनी १९९० मध्येच दाखवून दिलं होतं, की आपल्याकडच्या पारशी समाजात हा आजार चांगल्यापैकी आढळतो. आणि आता तर गावोगावी एमआरआय झाल्यामुळे सगळ्याच समाजांत सापडतोय.

आता औषधांचं. याविषयी मी तुझ्याशी कडक बोलणार आहे. मला नाव कळलं तेव्हा या आजाराचा वेग कमी करणारं पहिलं औषध येऊन जेमतेम अकरा वर्षं झाली होती. अमेरिकेत १९९३ मध्ये इंटरफेरॉनला परवानगी मिळाली, त्याआधी आजाराचा अटॅक आला की स्टेरॉइड देणं आणि वाट बघणं, एवढंच हातात होतं. माझं इंजेक्शन आठवड्यातून एकदा असायचं, शुक्रवारी रात्री. टोचलं की तीन-चार तासांत हुडहुडी भरून ताप यायचा, म्हणून आधीच पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं. आणि ते इंजेक्शन फ्रिजमध्येच ठेवावं लागायचं, तर आमच्याकडे लोडशेडिंग! तुला आठवत असेल, तेव्हा विदर्भात दिवसाचे आठ-दहा तास वीज नसायची. तुझ्या भाऊजींनी रुंद तोंडाचा थर्मास आणला. खाली बर्फ, त्यावर वर्तमानपत्राची जाड घडी, त्यावर इंजेक्शनचा डबा. बर्फाला थेट टेकलं तर गोठून वाया जातं म्हणून मध्ये ती घडी. दर चार तासांनी ते झाकण उघडून बघायचे. कधी कुणाला बोलून दाखवलं नाही त्यांनी.

तुला आज गोळ्यांची, इंजेक्शनची, सहा महिन्यांतून एकदा सलाईनमधून घ्यायची, अशी कितीतरी औषधं उपलब्ध आहेत. डॉक्टरांनी जे सुचवलंय ते सुरू कर, उशीर करू नकोस. आणि बरं वाटायला लागलं की सोडू नकोस. या औषधांचं काम आजचं दुखणं घालवणं नाही, उद्याचा अटॅक अडवणं आहे. त्यामुळे ती काम करत असतात तेव्हा काहीच घडताना दिसत नाही. हे न कळल्यामुळे मी एक चूक केली. दीड वर्ष छान गेलं, आणि एका नातेवाइकांच्या आग्रहाखातर मी इंजेक्शन बंद करून जडीबुटीवाल्याकडे गेले. चार महिन्यांनी सकाळी उठले तर डावा पाय गादीतून उचलेना. पाच दिवस स्टेरॉइडचं सलाईन, तोंडात पत्र्यासारखी चव, रात्र रात्र टक्क जाग. पाय परत आला, पण सगळा नाही आला. आज मी डावा पाय किंचित ओढत चालते, ते त्या चार महिन्यांचं आहे. तुला कुणी कितीही प्रेमानं काढा आणून दिला तरी आधी डॉक्टरांना दाखव. योगासनं, प्राणायाम, तेलाची मालीश हवी तेवढी कर, त्यानं अंग मोकळं होतं, मन शांत होतं. पण ते औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नाही.

पुण्यात तुला उन्हाचा एवढा त्रास होणार नाही, पण एप्रिल-मे सांभाळ. ऊन लागलं, ताप आला, अगदी कढत पाण्यानं अंघोळ केली, तरी जुनी दुखणी डोकं वर काढतात. नजर धूसर होते, पायात गोळे येतात. श्रमानंतर नजर अशी धूसर होते, हे उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८९० मध्येच टिपून ठेवलंय. एमआरआय नव्हता त्या काळात तर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करायचे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात, पंचेचाळीस अंशांत, बाजारातून येताना मला समोरचा रस्ता दिसेनासा झाला आणि वाटलं, झालं, डोळे गेले. घरी येऊन कूलरसमोर बसले, ताट्यांना नवा वाळा लावलेला होता, त्याचा ओला वास अजून आठवतो मला. अर्ध्या तासात दिसायला लागलं. उष्णतेनं तारांतून निरोप जायला अडचण येते, पण नवीन इजा होत नाही. अंग गार झालं की मूळपदावर येतं. एवढं कळलं असतं तर त्या दिवशी मी इतकी घाबरले नसते. तू मात्र हे लक्षात ठेव: ताप नाही, उष्मा नाही आणि एखादं नवीन लक्षण चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलं, तर वाट न बघता डॉक्टरांना फोन कर. बाकी ओला पंचा मानेला, गार ताक, सकाळी सातच्या आत बाहेरची कामं. आणि चालणं, व्यायाम सोडायचा नाही. पूर्वी या आजारात पडून राहायला सांगायचे, आता उलट सांगतात, आणि ते खरं आहे.

आता येते त्या प्रश्नावर, हसण्याच्या.

या आजारात सगळ्यात जास्त छळतो तो थकवा. दिसत नाही म्हणून तो कुणाला पटत नाही. रात्री आठ तास झोपून उठावं आणि दात घासताना हात गळून यावा, असा तो थकवा. तुला माहीत आहे, आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. पाणी आलं की घरातली प्रत्येक बाई मनात हिशोब मांडते: पिण्याचं किती, स्वयंपाकाचं किती, धुण्याला उरतं का. कुणी अंगण धुवायला बादली उचलली तर घरभर ओरडा होतो. मला माझ्या अंगातली ताकद तशीच रोज मोजून मिळते, आणि कधी किती येईल याचा भरवसा नाही. पहिली तीन वर्षं मी काय केलं असेल? सगळं पाणी धुण्याभांड्यांना घातलं. सकाळी उठल्यापासून घरातलं एकूण एक काम मीच करायचं, कुणी "आजारी सून" म्हणायला नको. दुपारी दोनला मी संपलेली असायची. संध्याकाळी पोरगी जवळ यायची तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. घर आरशासारखं लख्ख आणि त्यात मी कुणाशीही न हसणारी.

एका सकाळी, कशानं कोण जाणे, मी केर तसाच टाकला, ओट्यावरची भांडी तशीच ठेवली आणि पाट घेऊन बसले. जमिनीवर उकिडवं बसवत नव्हतं, म्हणून जेवणाच्या टेबलावर लाकडी पाट ठेवला, त्याला गेरू लावला आणि खुर्चीत बसून रांगोळी काढली. सात ते चार ठिपक्यांची, साधी. बोटांवर भरवसा नव्हता म्हणून डोळ्यांनी बघत, इवली इवली रेघ ओढत. पाऊण तास लागला. कडेची एक पाकळी जाड झाली होती. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ओट्याकडे बघून बोलतील. त्या म्हणाल्या, "हळद-कुंकू मी वाहते," आणि वाहून झाल्यावर भांडी त्यांनीच घासायला घेतली.

त्या दिवसापासून माझा नियम आहे: आधी रांगोळी. सकाळचं पहिलं, ताजं पाणी माझ्या आवडीला. उरेल त्यात घर. नाही उरलं तर घर थांबतं, आणि तुला सांगते, घर थांबू शकतं. बाई लाव, डाळ-भाताचा कुकर लाव, चादर आठ दिवसांऐवजी पंधरा दिवसांनी बदल. तुझी रांगोळी कुठली ते तुलाच माहीत. तू कथ्थक करायचीस. उभ्यानं जमेनासं झालं तर बसून हस्तक कर, तालाच्या बोलांची पढंत कर, पण सकाळी कर, ऑफिसच्या आधी. सगळं उरकून रात्री वेळ मिळाला तर करीन, असं म्हणू नकोस. रात्री आपल्याकडे काही उरत नाही गं.

ऑफिसात साहेबांना सांग. सगळ्या जगाला नको, पण ज्यांच्या हातात तुझं वेळापत्रक आहे त्यांना. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत आपला आजार नावानिशी आहे. उन्हाळ्यात घरून काम, दुपारी अर्धा तास आडवं होणं, एवढं मागायला लाजू नकोस. आणि रागाच्या भरात नोकरी सोडू नकोस, कंपनीच्या विम्यात आपली औषधं बसतात का, नवीन ठिकाणी बसतील का, हे आधी बघ.

लघवीची घाई होते, हे तू बोलली नाहीस, पण बोलताना दोनदा अडखळलीस म्हणून विचारते. होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांग, त्यावर औषध आहे. पाणी पिणं कमी करू नकोस, त्यानं संसर्ग होतो आणि मग सगळंच बिघडतं. घड्याळ लावून दर दोन-तीन तासांनी जाऊन यायचं, लागो न लागो. मी प्रवासात अजून तसंच करते.

आता तुझ्या साखरपुड्याचं. मावशी म्हणते, कुणाला कळू द्यायचं नाही, एकदा अक्षता पडल्या की बघू. मी मावशीशी बोलेन, ते माझ्यावर सोड. पण मुलाला तू स्वतः सांगायचंस. निरोप नाही, फोन नाही, समोर बसून. लपवून केलेल्या लग्नात गोळीचं पाकीटसुद्धा उशीखाली दडवावं लागतं, आणि आपल्याला लपवण्यात वाया घालवायला ताकद नाही. त्याला तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे ने. त्याला जे विचारायचं ते तिथे विचारू दे. तो घाबरेल. तुझे भाऊजीही घाबरले होते, आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नव्हते. घाबरलेल्या माणसाला थोडा वेळ द्यायचा असतो. आणि तो गेलाच, तर तुला खूप दुखेल, मी खोटं सांगणार नाही. तेव्हा इकडे ये.

मुलाबाळांची भीती घालतील लोक. मूल होऊ शकतं. आईला हा आजार असला तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन एवढीच असते. पोटुशी असताना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अटॅक कमी होतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात, तेव्हा जपायचं, माहेरची माणसं जवळ ठेवायची. काही औषधं गर्भाला चालत नाहीत, म्हणून आधी डॉक्टरांशी बोलून, ठरवून पाऊल टाकायचं. एवढंच.

आणि एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. कधी कधी मन इतकं खाली जाईल, की रांगोळीसुद्धा नकोशी होईल. त्याला कमकुवतपणा म्हणू नकोस. या आजारात डिप्रेशन खूप जणांना येतं, काही अंशी तो मेंदूतल्या त्या ठिपक्यांचाही परिणाम असतो. दोन आठवडे सकाळी उठावंसं वाटलं नाही, जेवण उतरेनासं झालं, तर मनाच्या डॉक्टरांकडे जा. मी गेले होते. आठ महिने गोळी घेतली आणि मला ते सांगताना कसलीच लाज वाटत नाही. आपल्यासारख्या इतरांनाही भेट. १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे, पुण्यातही तिचं काम आहे. घरची माणसं जीव लावतात, पण "पायाला मोजा घातल्यासारखं वाटतं आणि मोजा नसतो" असं म्हटल्यावर समोरची बाई "हो, आणि काढायला गेलं की निघत नाही" म्हणते ना, तेव्हा किती हलकं वाटतं ते बघशील.

मी काठी घेते आता, बाहेर जाताना. सहा वर्षं टाळली. लग्नात लोक बघतील म्हणून भिंतीच्या कडेकडेनं चालायची. मग चुलतसासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला पायरीवर पडले आणि दुसऱ्या दिवशी लेकीनं स्वतःच्या खाऊच्या पैशातून काठी आणली, निळी, तिला आवडणारा रंग. तिच्या हातून नाही कशी म्हणणार? ती हातात आल्यावर मी परत बाजारात जायला लागले, भाजी स्वतः निवडून घ्यायला लागले. जिला इतकी वर्षं टाळलं, त्या काठीनंच मला घराबाहेर काढलं.

हसेन का, म्हणालीस. काल संध्याकाळी मी आणि लेक रांगोळीचे रंग कालवत बसलो होतो. माझ्या हातून जांभळ्याचा डबा सुटला, सगळा तिच्या डोक्यावर. दोघी इतक्या हसलो, की तुझे भाऊजी वरून धावत आले, मी परत पडले की काय म्हणून.

डिसेंबरात ये. मार्चनंतर आमच्याकडे यायचंच नाही तू, आधीच सांगून ठेवते. चार दिवस रजा काढ, गाडीत खालचा बर्थ घे, स्टेशनवर उतरायची घाई करू नकोस, भाऊजी डब्यापाशी उभे असतील. तो येणार असेल तर त्यालाही आण. मी दुसऱ्या पाटाला गेरू लावून वाळत ठेवलाय. सात ते चार ठिपके मी घालीन, मध्ये काय काढायचं ते तू सांग.